विष पाठीवर, काढा पोटात

मी गोदीत हमाली करतो. मॅट्रिक झालोय. कविता लिहितो, त्यातल्या काही या पानांवर आल्या म्हणून तुम्ही मला ओळखता. आज कविता नाही. आज एका बाटलीबद्दल लिहायचंय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या यार्डाच्या गेटवर शिबीर लागलं. ठेकेदारानेच लावलेलं. मांडव, सतरंजी, एक पांढरा कोटवाला, एक ट्रॅकसूटवाला, चहा फुकट. ठेकेदार चहा फुकट पाजतो तेव्हा हमालाने खिसा घट्ट धरावा हे मला बापाने शिकवलंय. तरी आम्ही बसलो, कारण पाळी संपली होती आणि बाहेर पाऊस होता.

आमचं काम कंटेनर भरायचं आणि खाली करायचं. डाळ, मसाले, बारदान, लाकडी खोकी. मालात किडा राहू नये म्हणून कंटेनरमध्ये गॅस सोडतात. एक मिथाइल ब्रोमाइड, त्याला वास जवळजवळ नाहीच. दुसरा फॉस्फिन, गोळ्यांतून निघतो, लसणासारखा, कुजक्या मासळीसारखा वास. दारावर कवटीचं चित्र चिकटवलेलं असतं. कायदेशीर पद्धत अशी की दार उघडायचं, हवा खेळू द्यायची, यंत्राने गॅस मोजायचा, मग माणूस आत जायचा. आमच्याकडे यंत्र म्हणजे आम्हीच. टोळीतला सगळ्यात नवा पोरगा आत पाठवायचा. तो उभा राहिला तर गॅस गेला.

शिबिराच्या आधी पंधरा दिवस आमच्यातला एकजण असाच आत गेला आणि डाळीच्या गोणीवर तोंडावर पडला. ओढून बाहेर काढला. ओकला. म्हणाला, काळीज उलटंसुलटं उडतंय. दवाखान्यात त्याला ॲसिडिटी झालीय असं सांगितलं. चौथ्या दिवशी तो परत कामावर, कारण तीन दिवसांचा खाडा ठेकेदार देत नाही.

तर हे शिबीर म्हणजे त्या पडण्याचं उत्तर होतं. ट्रॅकसूटवाला म्हणाला, रोज सकाळी वीस मिनिटं झपझप चाला, बारा सूर्यनमस्कार घाला, हृदय असं बळकट होतं की विषारी वासाचा परिणाम होत नाही. कोटवाल्याने बाटली काढली. अर्जुनसाल, हळदीचं सत्त्व, आवळा, अश्वगंधा. शंभर टक्के वनस्पतीजन्य. महिन्याची बाटली ३८० रुपये, ठेकेदार दोन हप्त्यांत पगारातून कापून घेणार. 'हे विज्ञान आहे,' कोटवाला म्हणाला, 'उंदरांवर सिद्ध झालंय.'

मागून आमचा एकजण ओरडला, 'साहेब, पन्नास किलोच्या किती गोण्यांचा एक सूर्यनमस्कार?'

सगळे हसले. कोटवालाही हसला. बाटल्या मात्र खपल्या. ज्याचं काळीज उडत होतं त्याने दोन घेतल्या.

मी ही गोष्ट विसरलो असतो. पण पुढच्याच आठवड्यात यवतमाळवरून मामाचा फोन आला. 'का रे बाबू, तुमच्या मुंबईत काळजाच्या गोळ्या भेटते म्हनते. इथं दुकानदार देऊन राह्यला, पन लय महाग सांगते. फवारा मारनाऱ्याले चांगल्या हाय म्हनते. पाठवशीन का?'

दुकानदार म्हणजे कृषी केंद्रवाला. विष विकणारा. आता त्याच फळीवर उताराही ठेवलाय.

मामाबद्दल सांगतो. मामाला जमीन नाही. दुसऱ्याच्या कपाशीत रोजाने फवारा मारतो. २०१७ साली यवतमाळात काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करता करता वीसहून जास्त माणसं मेली, शेकडो दवाखान्यात पडली. बीटी कपाशीला बोंडअळी लागणार नाही असं सांगून बियाणं विकलेलं, आणि गुलाबी बोंडअळी तर बोंडात घर करून बसलेली. कपाशी त्या साली डोक्याबरोबर वाढली होती. म्हणजे फवारा खाली झाडावर नाही, समोर तोंडावर. बॅटरीचे नवे पंप आलेले, त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, आणखी काय काय, एका टाकीत दोनतीन विषं कालवलेली. मामा त्या दवाखान्यातल्या शेकड्यांमधला एक. मामी सांगते, घरी आला तेव्हा तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. तिने आधी ताक पाजलं, मग लिंबू. गावात हेच सांगतात. त्यात दोन तास गेले. मामा जगला. सरकारने मेलेल्यांच्या घरी दोन दोन लाख दिले, काही औषधांवर तात्पुरती बंदी घातली, आणि पुढच्या खरिपात पंप पुन्हा मामाच्या पाठीवर.

पंप पाठीवर. जरा थांबा इथे. पेशवाईत आपल्या कमरेला झाडू बांधला, गळ्यात मडकं अडकवलं, हे आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. आता सोळा लिटरचा पंप आहे, पट्टे आहेत, आणि तो कुणाच्या पाठीवर आहे ते विदर्भाच्या कुठल्याही शिवारात सप्टेंबरात जाऊन बघा. जमीन ज्याची तो बांधावर छत्री घेऊन उभा. पंपाखाली आपला माणूस नाहीतर कोलाम, नाहीतर गोंड. आणि शब्द बघा. आपली मायमराठी त्या विषाला 'औषध' म्हणते. 'औषध मारून आलो' म्हणते. विषालाच औषध म्हटलं की विष झालेल्या माणसाला द्यायला शब्द उरत नाही, म्हणून बाटलीवर 'हृदयरक्षक' लिहावं लागतं.

आमच्या वस्तीतला एक पोरगा सरकारी मेडिकलला आहे. सगळी गल्ली त्याला आतापासूनच डॉक्टर म्हणते. मी त्याच्या मोरीशेजारच्या खोलीत चार रविवार बसलो. म्हटलं, बाबा, मला काळीज समजव.

तो म्हणाला, नस हुकूम देते तो एका रसायनाने. हुकूम पोचला की दुसरं एक रसायन येऊन तो पुसून टाकतं. त्या पुसणाऱ्याचं नाव कोलिनेस्टरेज. मी म्हटलं, म्हणजे मुकादम 'उचल' ओरडतो, आम्ही उचलतो, मग मुकादम गप्प बसतो, तसं? तो म्हणाला, तसंच. मोनोक्रोटोफॉससारखी विषं त्या गप्प करणाऱ्यालाच मारतात. मग मुकादम ओरडतच राहतो. लाळ गळत राहते, स्नायू फडफडत राहतात. काळजाला एकाच वेळी 'पळ' आणि 'थांब' दोन्ही हुकूम. आधी धावतं, मग मंदावतं, आणि कधी कधी दुसऱ्यातिसऱ्या दिवशी, माणूस सुधारला म्हणून नातेवाईक चहा प्यायला गेलेले असताना, ठोक्यांची लय तुटते आणि खेळ खलास. आमच्या कंटेनरातल्या फॉस्फिनचं वेगळं. ते पेशीची भट्टीच विझवतं, काळजाचा स्नायू लुळा पडतो, रक्तदाब तळाला जातो. त्यावर उताराच नाही. जगात कुठेच नाही.

मग मी विचारलं, उंदरांचं काय? ते खोटं का?

दोस्तांनो, इथे नीट ऐका. कारण आपण आपल्या रागापायी खोटं बोललो तर उद्या आपलं खरंही कुणी ऐकणार नाही. ते खोटं नाही. असले प्रयोग खरेच झालेत, बरेच झालेत. साचा बहुतेक सारखाच. उंदरांचे पिंजरे करतात. एका पिंजऱ्याला विष. दुसऱ्याला विष आणि व्यायाम. तिसऱ्याला विष आणि झाडाचा अर्क. चौथ्याला विष, व्यायाम, अर्क तिन्ही. काही आठवडे गेले की सगळ्यांना मारतात आणि काळीज कापून बघतात. विषाने पेशींना गंज चढल्यासारखं होतं, तो किती चढला ते मोजतात. व्यायामवाल्याचा थोडा कमी, अर्कवाल्याचा थोडा कमी, दोन्हीवाल्याचा कधी कधी आणखी कमी. हे खरं आहे. हळदीत, आवळ्यात गंज रोखणारं काही आहे, हेही खरं.

डॉक्टरने मला उंदराचं पळायचं यंत्र मोबाइलवर दाखवलं. पट्टा सरकतो, उंदीर पळतो. दमून मागे आला की शेपटीकडे लोखंडी जाळी, तिच्यात विजेचा झटका. मी ते बघून हसलो. मला वाटलं, हा तर आमचा यार्ड.

पण मी चार पिंजरे सांगितले. पाचवा सांगितलाच नाही. कोटवाल्यानेही सांगितला नव्हता. प्रत्येक प्रयोगात तो असतोच, त्याच्याशिवाय प्रयोगच होत नाही. पाचव्या पिंजऱ्यातल्या उंदरांना विष देतच नाहीत. साधं खाणं, साधं पाणी. बाकी सगळ्यांची काळजं त्यांच्या काळजाशी ताडून बघतात. चांगलं काळीज म्हणजे काय, हे त्या पिंजऱ्याने ठरतं.

मला त्या पिंजऱ्यात जागा पाहिजे. माझ्या मामाला पाहिजे. कुणीतरी आपल्याला आधीच पहिल्या पिंजऱ्यात घातलंय आणि आता मोठ्या मनाने चौथ्यात बढती देतंय, वर ३८० रुपये मागतंय. ही सगळी विज्ञानाची चोरी या एका पिंजऱ्यात आहे.

आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. प्रयोगातल्या उंदराला विष मापून देतात. मामाचं विष कोण मापतं? दुकानदार झाकणाने. विषबाधा झालेल्या माणसाला काय करतात ते डॉक्टरच्या पुस्तकात आहे: कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, श्वास बघा, ॲट्रोपिन, ऑक्सिजन, लागलं तर श्वासाचं मशीन. त्यात काढा नाही. गंमत अशी की झाडाचंच पाहिजे असेल तर ॲट्रोपिन मूळचं झाडातलंच. बेलाडोनात असतं, आपल्या उकिरड्यावरच्या धोतऱ्यातही असतं. (म्हणून कुणी धोतरा चघळू नका, त्यानेच मराल. मात्रा डॉक्टरच्या हातातच राहू द्या.) सांगायचं एवढंच की झाडाशी माझं भांडण नाही. माझी आजी आवळा, हळद, गूळवेल सगळं द्यायची आणि पैसे घ्यायची नाही.

आता व्यायाम. डॉक्टर म्हणतो चालणं काळजाला चांगलं, धावणं चांगलं. मान्य. ज्याचा दिवस खुर्चीत जातो त्याने चालावं, जरूर चालावं. पण आम्ही? २०१८ साली युरोपातल्या संशोधकांनी जवळजवळ दोन लाख माणसांची माहिती एकत्र करून बघितली. फावल्या वेळचा व्यायाम आयुष्य वाढवतो, पण कामावरची जड मेहनत नाही वाढवत. उलट जड मेहनतीच्या पुरुषांमध्ये लवकर मरायचा धोका १८ टक्क्यांनी जास्त निघाला. कारण सरळ आहे. व्यायाम करणारा दमला की थांबतो. हमाल दमला की मुकादम बघतो. दिवसभर ठोके चढे, रक्तदाब चढा, विश्रांती नाही. म्हणजे कोटवाला ज्याला औषध म्हणतो ते आम्ही रोज आठ-दहा तास घेतोय, आणि तेच आम्हाला खातंय.

फवाऱ्यावर तर आणखी वाईट. मेहनतीने श्वास जोरात चालतो, घाम येतो, कातडी गरम होते, तिच्यात रक्त धावतं, आणि विष आत जायची वाट मोकळी होते. पंप गळतो तो पाठीवरून कमरेत, कमरेतून जांघेत. पांढरपेशा वाचकाला ओंगळ वाटलं तर वाटू दे. १९७१ साली अमेरिकेत माणसांच्या कातडीवर पॅराथिऑन लावून मोजलं होतं. हाताच्या कातडीतून नऊ टक्क्यांच्या आसपास आत गेलं. अंडाच्या कातडीतून जवळपास सगळंच. मामाची चड्डी विषाने भिजलेली असते. तोंडाला बांधलेल्या रुमालाचे फोटो पेपरात येतात, चड्डीचे कोण काढणार? ते पांढरं प्लास्टिकचं सुरक्षा किट वाटतात, ते घालून ऑक्टोबरच्या उन्हात कपाशीत एक तास फिरून दाखवा, मग मजुराला आळशी म्हणा.

बुद्धाची बाणाची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. विषारी बाण लागलेला माणूस, आणि बाण कुणी मारला, धनुष्य कसलं, याच्या चौकशीत तो मरतो. म्हणून आधी बाण काढा. मी विहारात ही गोष्ट शंभरदा ऐकली. पण बाण तसाच ठेवून त्याच्या भोवती सूर्यनमस्कार घाला असं सांगणारा वैद्य मला गोदीच्या गेटवरच भेटला. आणि बाण निघाला की कुणी मारला हे मी विचारणारच, तथागताची क्षमा मागून.

तर कुणी मारला?

१९५८ साली केरळात शंभरावर माणसं मेली. पीठ खाऊन मेली. जहाजाच्या एकाच पोटात खाण्याचा माल आणि पॅराथिऑन ठेवलं होतं, ते गळलं, मालात मुरलं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या हाताला घाम आला, कारण ते जहाज भरणारे, उतरवणारे हात माझ्यासारख्यांचेच. त्यावर चौकशी झाली आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा आला. १९७१ ला नियम आले. मेलेल्यांच्या जिवावर आलेला कायदा. त्या नियमांत काय काय लिहिलंय! फवारणीच्या कामावरच्या माणसाला संरक्षक कपडे द्या. शिकवा. उतारा जवळ ठेवा. डॉक्टरी तपासणी करा. आणि मोनोक्रोटोफॉसच्या जातीचं विष हाताळणाऱ्याचं कोलिनेस्टरेज दर महिन्याला रक्तातून मोजा. दर महिन्याला! मामा वीस वर्षं फवारा मारतोय. त्याच्या रक्ताची ती तपासणी एकदाही झाली नाही. २०१७ च्या त्याच्या दवाखान्याच्या कागदावरही नाही, मी बघितला कागद. बरं, नियम कारखान्याला लावता येतो, रजिस्टर असतं. मामाचा मालक कोण? आज हा शेतकरी, उद्या तो. रजिस्टर मामीच्या डोक्यात.

आणि बघा, बाण किती लांबून येतो. डायफेन्थियुरॉन नावाचं विष युरोपियन युनियनने २००२ साली बंद केलं, स्वित्झर्लंडने २००९ साली. स्वतःच्या शेतात बंद. पण २०१७ साली, यवतमाळात माणसं पडत होती त्याच वर्षी, स्वित्झर्लंडमधून ते भारतात पाठवणं चालू होतं. २०२१ पासून त्यांनी ते पाठवणंही थांबवलं, तेही लोकांनी बोंब मारल्यावर. मोनोक्रोटोफॉसने २०१३ साली बिहारात छपऱ्याकडे शाळेच्या जेवणातून २३ पोरं मारली. त्या आधी, २००५ सालीच, भाजीपाल्यावर त्याला बंदी होती. खाणाऱ्याच्या काळजासाठी बंदी, फवारणाऱ्याच्या काळजासाठी नाही! कपाशी कोण खातो? २०२३ साली त्याच्या ३६ टक्केवाल्या द्रावणावर बंदीचा आदेश निघाला, तोही उरलेला साठा खपवायची मुभा ठेवून. साठा कुणाच्या पाठीवरून खपतो ते वर सांगितलंय.

भोपाळही विसरू नका. १९८४. तो गॅसही कीटकनाशकाच्याच कारखान्यातला.

आता आपल्या लोकांना दोन शब्द, कारण फक्त वर थुंकून भागत नाही. आपल्यातलेही शिकलेले, नोकरीला लागलेले काही भाऊ ही बाटली विकतात. साखळी पद्धतीने, चार माणसं जोडा, कमिशन घ्या. जयंतीच्या मांडवात त्यांचा स्टॉल मी स्वतः बघितलाय. निळा झेंडा वर, खाली हृदयरक्षक. त्यांना राग आला तर येऊ दे. भावा, तुझ्या मामाच्या पाठीवरचा पंप उतरवायला तुला कुणी मनाई केली होती का?

मामाला मी फोन केला. सांगितलं, गोळ्या पाठवत नाही. त्या गोळ्यांनी विष उतरत नाही. उलट गोळी घेतलीय म्हणून तू आणखी एक टाकी मारशील. तो गप्प बसला. मग म्हणाला, 'मंग पंप कोन धरन? मले दुसरं काम कोन देते?' याचं उत्तर माझ्याकडे फोनवर नव्हतं. मी एवढंच सांगितलं की फवारा मारून आलास की घरात शिरायच्या आधी कपडे बाहेर काढ, साबणाने न्हा, आणि लाळ सुटली, डोळे चुरचुरले, छाती धडधडली तर ताक-लिंबू न करता औषधाची बाटली, तिच्यावरचं लेबल घेऊन सरळ दवाखाना. मामीला पाठ करून घेतलं. तिने दोनदा म्हणून दाखवलं.

यार्डात एक गोष्ट झाली, छोटी. परवा कवटीवाला कंटेनर आला. मुकादम म्हणाला, शिर आत. नवा पोरगा निघाला. आमच्या त्या पडलेल्या माणसाने त्याचा शर्ट मागून धरला. म्हणाला, गॅस मोजायचं यंत्र आण, नाहीतर ठेकेदाराला आत पाठव. आम्ही बाराजण खाली बसलो. दार सताड उघडं ठेवलं. तीन तास. यंत्र आलं, दुसऱ्या यार्डातून उसनं. आम्हा सगळ्यांची अर्धी हजेरी कापली. यंत्र संध्याकाळी परत गेलं. आता ते इथेच ठेवा असा अर्ज दिलाय, सह्या एकतीस झाल्यात, अंगठे चार.

दुसरा अर्ज यवतमाळसाठी करतोय. येत्या खरिपाआधी तालुक्याच्या दवाखान्यात कोलिनेस्टरेजची तपासणी आणि ॲट्रोपिनचा साठा आहे का, हे लेखी विचारायचं. ज्यांचे मामा, काका, भाऊ विदर्भात फवाऱ्यावर आहेत त्यांनी त्यांची नावं, गाव, कोणतं औषध मारतात, आणि दुकानदाराची पावती असेल तर तिची नक्कल घेऊन यावं. पावती बहुतेक नसणार. मग रिकामा डबा आणा. झाकण घट्ट लावून, पिशवीत गुंडाळून आणा, आणि पोरांच्या हाती देऊ नका.